दोन फोटो, एक शिळा: स्वयंचलित जुळणीच्या प्रकल्प नोंदी

दि. ६ ऑक्टोबर

आज काम पक्कं झालं. शिळा ३६ सेंमी लांब, २८ सेंमी रुंद. तिच्यावरच्या कोरीव खाचा साधारण ४ मिमी रुंद आणि २ ते ३ मिमी खोल आहेत. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खोल जागेतला फरक ४० मिमीच्या आत बसतो. मोजायची आहे ती झीज. म्हणजे आज पृष्ठभागाचा एक खोली-नकाशा करायचा, काही वर्षांनी त्याच पद्धतीने दुसरा करायचा आणि एकातून दुसरा वजा करायचा. झीज मिलिमीटरच्या अंशांत असणार, तेव्हा नकाशातली चूक त्याहून लहान हवी.

दोन जागांवरून फोटो घ्यायचे, दोन्हींत तोच बिंदू ओळखायचा, दोन किरण जिथे छेदतील तिथे तो बिंदू. छेदाचं गणित जुनं आहे. कार्ल पुलफ्रिखने १९०१ मध्ये येनाला स्टिरिओकंपॅरेटर केला, तेव्हापासून माणसं काचेवरच्या दोन फोटोंत बिंदू जुळवून उंच्या काढत आली. कस लागतो तो 'तोच बिंदू' ओळखताना, आणि ते काम तेव्हा माणसाचे डोळे करत. मला ते प्रोग्रामकडून करून घ्यायचं आहे, लाखो बिंदूंसाठी.

संवर्धनाचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याने एकच अट घातली. "नकाशात भोकं नकोत. भोकं राहिली की पुढे वजाबाकी करता येत नाही." भोकं म्हणजे ज्यांची खोली निघालीच नाही अशा जागा. मी हो म्हणून आले.

दि. ८ ऑक्टोबर

कॅमेरा एकच, रुळावर सरकवायचा. सेन्सर ६००० × ४००० पिक्सेलचा, एक पिक्सेल ३.९२ मायक्रोमीटर. भिंग ३५ मिमीचं, पण एक मीटरवर फोकस केलं की भिंग सेन्सरपासून पुढे सरकतं आणि गणितात धरायची लांबी ३६.३ मिमीच्या आसपास जाते, म्हणजे ९२५० पिक्सेल. भिंगावर छापलेला आकडा तसाच घेतला असता तर सगळी अंतरं साडेतीन टक्क्यांनी चुकली असती.

डाव्या फोटोत बिंदू जिथे दिसतो आणि उजव्या फोटोत जिथे दिसतो, त्या दोन जागांतल्या फरकाला डिस्पॅरिटी म्हणतात. नोंदींत मी 'सरक' लिहीन. अंतर म्हणजे भिंगाची लांबी गुणिले कॅमेऱ्याच्या दोन जागांमधला बेस, भागिले सरक. बेस १५० मिमी आणि शिळा १००० मिमीवर धरली तर सरक येते १३८७ पिक्सेल. शिळेवर एक पिक्सेल ०.१०८ मिमीचा. आता महत्त्वाचा आकडा: सरक एका पिक्सेलने चुकली तर खोली ०.७२ मिमीने चुकते. खाचा २-३ मिमी खोल आहेत, तेव्हा पूर्ण पिक्सेलातली जुळणी निरुपयोगी. पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत उतरलं तर चूक ०.०७ मिमीवर येते. तिथे पोचायचं आहे.

बेस वाढवला की हा आकडा सुधारतो, पण दोन फोटो एकमेकांपासून वेगळे दिसायला लागतात आणि जुळणी बिघडते. या विषयातली ओढाताण इथेच आहे. छेद चांगला हवा तर फोटो वेगळे हवेत, जुळणी चांगली हवी तर फोटो सारखे हवेत.

ऑटोफोकस बंद. फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्यात असतं ते स्टॅबिलायझेशनही बंद, कारण ते प्रत्येक फोटोला भिंग किंवा सेन्सर किंचित हलवतं आणि कॅलिब्रेशनला, म्हणजे कॅमेरा आणि भिंगाची मापं आधी काढून ठेवण्याला, अर्थ राहत नाही. छिद्र एफ ८. त्याहून बारीक केलं तर प्रकाश पसरून कडा मऊ होतात.

दि. १३ ऑक्टोबर

सपाट सरफेस प्लेटवर ठिपक्यांचा कागद चिकटवून मोजला. सपाट प्लेटचा नकाशा घुमटासारखा आला! मध्य कडांपेक्षा ०.४ मिमी वर.

दोष भिंगाच्या वक्रतेच्या दुरुस्तीत होता. भिंग बिंदूंना मध्यापासून बाहेर किंवा आत ढकलतं, ते काढायला डंकन ब्राउनच्या पद्धतीचे गुणांक वापरते. पण कॅलिब्रेशनचे सगळे फोटो मी समोरूनच, एकमेकांना समांतर घेतले होते. तशा फोटोंत भिंगाची थोडी वक्रता आणि पृष्ठभागाचा थोडा घुमट हे जवळजवळ सारखेच ठसे उमटवतात, त्यामुळे गणित एकाचं माप दुसऱ्याच्या पदरात टाकतं. फोटो जुळतात, उरलेल्या चुका छोट्या दिसतात आणि तरी आकार खोटा असतो.

कॅलिब्रेशन पुन्हा केलं. चारही बाजूंनी तिरके फोटो, शिवाय प्रत्येक जागेवर कॅमेरा ९० अंशांत फिरवून आणखी एक. घुमट ०.०५ मिमीवर आला.

दि. १४ ऑक्टोबर

फोटो एपिपोलर रेषांवर बसवले. डाव्या फोटोतल्या बिंदूचा जोडीदार उजव्या फोटोत एका ठरावीक रेषेवरच असू शकतो. दोन्ही फोटो असे वळवून घेतले की त्या रेषा आडव्या होऊन एकाच ओळीत आल्या, की शोध पूर्ण चित्रभर न होता एका ओळीत होतो. शिळेच्या कडेने लावलेल्या टार्गेट ठिपक्यांवरून दोन जागांची सापेक्ष दिशा काढली. उभ्या दिशेत उरलेला फरक ०.२ पिक्सेल. ठीक.

शोधाची मर्यादाही शिळेवरूनच ठरली. खोली ९८० ते १०२० मिमी, म्हणजे सरक १३६० ते १४१६. जेमतेम ५६ जागा तपासायच्या.

दि. १७ ऑक्टोबर

पहिली जुळणी, साध्या सहसंबंधाने. डाव्या फोटोतून एक चौकोनी खिडकी उचलायची, उजव्या फोटोत ओळीने फिरवायची, जिथे करड्या पातळ्यांचा उतारचढाव सर्वांत जास्त जुळेल ती जागा घ्यायची. सरासरी आणि पसारा काढून टाकलेला सहसंबंध घेतला की एक फोटो थोडा जास्त उजळ असला तरी फरक पडत नाही.

खिडकी ११ पिक्सेलची घेतली तर नकाशा खडबडीत, ठिकठिकाणी भलते उंचवटे. ४१ ची घेतली तर नितळ, पण खाचा उथळ. ४१ पिक्सेल म्हणजे शिळेवर ४.४ मिमी, अख्खी खाच खिडकीत मावते आणि तळ, भिंत, वरचा काठ या सगळ्यांची मिळून एकच सरक निघते. सध्या २१ वर थांबले.

बेला युलेस यांनी १९६० मध्ये बेल लॅब्जमध्ये केलेला प्रयोग मला नेहमी आठवतो. नुसते यादृच्छिक ठिपके, एकेका चित्रात कसलाही आकार नाही, पण दोन चित्रं दोन डोळ्यांनी एकत्र पाहिली की मधला चौकोन उठून वर येतो. वस्तू काय आहे हे न ओळखताही जुळणी होऊ शकते, हे त्यातून दिसलं. नाहीतर प्रोग्रामला आधी 'ही खाच, ही भिंत' शिकवावं लागलं असतं.

दि. २१ ऑक्टोबर

आजचा दिवस एका चुकीमागे गेला आणि ती चूक मला फार आवडली.

उभ्या खाचांची एक बाजू नकाशात नेहमी भरलेली दिसत होती. खाच ४ मिमीची, नकाशात अडीचची. खिडकीचा दोष म्हणावा तर दोन्ही बाजूंना दिसायला हवा होता. भरलेली बाजू कायम एकच, आणि तीही दिव्याकडची.

दिवा मी कॅमेऱ्याच्याच गाड्यावर हातभर बाजूला बांधला होता, सोय म्हणून. गाडा सरकला की दिवाही सरकतो. दिवा सरकला की खाचेच्या काठाची तळावर पडणारी सावली सरकते. प्रोग्रामला सावली आणि दगड यांतला भेद कळत नाही. सावलीची कड ठसठशीत असते, म्हणून तो तीच आनंदाने जुळवतो.

कागदावर गणित मांडलं तेव्हा थक्क झाले. दिवा आणि कॅमेरा एकाच उंचीवर असून एकत्र सरकले, तर तळावरच्या सावलीच्या कडेची सरक बरोबर तेवढीच येते जेवढी ती सावली पाडणाऱ्या काठाची असते. जवळपास नाही, तंतोतंत. म्हणजे तळावर पडलेली सावली नकाशात काठाच्या उंचीवर जाऊन बसते. ५ मिमी उंच काठाला ही जादा सरक ७ पिक्सेलची, म्हणून सावली ५ मिमी वर तरंगते. सहसंबंधाचा आकडा मात्र ०.९ च्या वर, म्हणजे त्या बिंदूंवर प्रोग्रामचा विश्वास इतरांपेक्षा जास्तच.

दिवे गाड्यावरून काढून जमिनीवर उभे केले, दोन बाजूंना दोन, समोर पांढरं कापड लावून. उजेड शिळेशी बांधलेला हवा, कॅमेऱ्याशी नव्हे. खाचा ४ मिमीच्या झाल्या.

दि. २४ ऑक्टोबर

आडव्या खाचा अजून धूसर. कारण सरळ आहे. शोध आडव्या दिशेत होतो, तेव्हा आडव्या दिशेत बदलणारी करडी पातळीच उपयोगाची. आडवी कड ओळीला समांतर पडते, तिच्यावर खिडकी कुठेही ठेवली तरी सारखीच जुळते. शिळा ९० अंशांत फिरवून दुसरी जोडी घेतली. यापुढे प्रत्येक मोजणी दोन दिशांनी.

दि. २९ ऑक्टोबर

शिळेच्या उजव्या कोपऱ्यात पायऱ्या उगवल्या आहेत. नकाशात तिथे मधेच १६ ते १७ मिमी उंचीची गच्ची दिसते. हात फिरवून पाहिला, तिथे तसं काही नाही.

तिथे दगड घडवताना पडलेले टाकीचे घाव आहेत, एकाशेजारी एक, समांतर, जवळजवळ समान अंतरावर. अंतर मोजलं, २.५ मिमी, म्हणजे फोटोत २३ पिक्सेल. शोधाची मर्यादा ५६ पिक्सेल, तेव्हा प्रत्येक घावाला दोन किंवा तीन तुल्यबळ जोडीदार मिळतात. एक घाव चुकला की सरक २३ ने चुकते आणि खोली १६.६ मिमीने. गच्चीची उंची नेमकी तेवढीच.

आधी पिरॅमिड करून पाहिला. फोटो निम्मा, पाव, आठवा, सोळावा भाग असा लहान करत जायचं, लहान फोटोत ढोबळ आकार जुळवायचा आणि त्या आधाराने मोठ्या फोटोत थोडक्या जागेतच शोधायचं. सोळाव्या भागात २३ पिक्सेलचे घाव दीड पिक्सेलचे होऊन पुसले जातात, त्यामुळे ते फसवत नाहीत. बराच भाग सुधारला. पण कोपऱ्यातल्या काही जागांत घावांखेरीज दुसरा काही आधारच नाही, तिथे ढोबळ पातळीवरही अंदाज डळमळतो.

दि. २ नोव्हेंबर

तिसरा फोटो घेतला. बेस १५० होता, तिसरा ३०० वर. वाटलं की तीन फोटोंत एकाच वेळी जुळणारा जोडीदार खराच असणार. गच्च्या हलल्या नाहीत.

दि. ५ नोव्हेंबर

तीन दिवसांनी उलगडलं. दुप्पट बेस घेणं हीच चूक होती. १५० च्या बेसला एका घावाची चूक १६.६ मिमीची. ३०० ला तीच चूक ८.३ मिमीची. मग ३०० च्या जोडीत दोन घाव चुकले की खोली पुन्हा १६.६ वर येते. दोन्ही जोड्या एकमतानं खोटं सांगतात, आणि एकमत दिसलं म्हणून मी ते खरं मानलं.

बेस २४० केला. तिथे एका घावाची चूक १०.४ मिमी. आता १६.६ च्या पटी आणि १०.४ च्या पटी पहिल्यांदा भेटतात त्या ८३ मिमीवर, पाच घाव एका जोडीत आणि आठ दुसऱ्या जोडीत. माझी शिळा मध्यापासून वर-खाली २० मिमीत संपते. शिळेच्या आत दोन्ही जोड्यांना पटणारी एकच खोली उरते, ती खरी. अनेक बेसच्या खर्चांची (खर्च म्हणजे जुळणीत उरलेली तफावत) अंतराच्या व्यस्तावर बेरीज करण्याची रीत ओकुतोमी आणि कानादे यांनी १९९३ मध्ये मांडली, तीच वापरली. बेस एकमेकांच्या पटीत नसावेत हे मात्र टाकीच्या घावांनी शिकवलं.

गच्च्या गेल्या. सगळ्या.

दि. ९ नोव्हेंबर

आता पिक्सेलच्या आतलं काम. आतापर्यंत सहसंबंधाच्या शिखरावर तीन बिंदूंतून परवलय बसवून अंश काढत होते. सरकेच्या फक्त अपूर्णांकांचा आलेख काढून पाहिला. दगडाला माझे पिक्सेल कुठे सुरू होतात ते माहीत नाही, तेव्हा ० ते १ मध्ये अपूर्णांक सारखे पसरायला हवेत. ते शून्याभोवती गोळा झालेले. पृष्ठभागावर ०.७ मिमीच्या बारीक लाटा दिसत होत्या त्या यामुळेच, परवलय उत्तराला पूर्ण पिक्सेलकडे ओढतं.

न्यूनतम वर्ग जुळणीकडे वळले. १९८०च्या दशकात आकरमान, फोर्स्टनर, ग्रून या मंडळींनी छायाचित्रमापनात ती रुळवली. उजवी खिडकी नुसती सरकवायची नाही, ती ताणायची, तिरकी करायची, तिचा उजेडही कमीजास्त करायचा, आणि डाव्या खिडकीशी करड्या पातळ्यांतला फरक कमीत कमी होईपर्यंत फेऱ्या करायच्या. उतारावरची चौकोनी खिडकी दुसऱ्या फोटोत चौकोनी राहत नाही, हे ती मान्य करते. सुरुवात मात्र जवळून करावी लागते, एक-दोन पिक्सेलच्या आतून, नाहीतर ती भलत्याच दरीत उतरते. म्हणून आधी सहसंबंध, मग ही.

अपूर्णांक सारखे पसरले. लाटा गेल्या.

या पद्धतीचं मोठं देणं दुसरंच आहे. सरकेबरोबर ती सरकेची अनिश्चितताही देते. फोटोतला गोंगाट भागिले खिडकीतल्या आडव्या उतारांच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ, असं साधारण ते सूत्र. पोत भरपूर तर आकडा लहान, पोत नाही तर मोठा. गोंगाट ३ पातळ्या, उतार ६, खिडकी २१ ची, तर ०.०२४ पिक्सेल. इतकं चांगलं प्रत्यक्षात येत नाही, कारण पृष्ठभाग खिडकीभर सपाट असल्याचं सूत्र धरून चालतं. पण कुठल्या बिंदूवर जास्त विसंबायचं, याचा क्रम तरी त्यावरून लागतो.

दि. १४ नोव्हेंबर

भोकं ७ टक्के. दिलेला शब्द आठवत होता, म्हणून सेमी-ग्लोबल मॅचिंग लावलं. हिर्शम्युलर यांची २००५ ची ही पद्धत. प्रत्येक बिंदूकडे आठ दिशांनी येत येत खर्चाची बेरीज करायची. शेजारच्या बिंदूपेक्षा सरक एकाने बदलली तर छोटा दंड, जास्त बदलली तर मोठा. ज्या बिंदूला स्वतःचं मत नाही तो शेजाऱ्यांच्या मतानं जातो. खर्चासाठी सेन्सस घेतला, त्यात नुसतं शेजारचा पिक्सेल उजळ की गडद एवढंच पाहतात.

सुरेख नकाशा. भोकं जवळजवळ शून्य. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जुळवून ताळा केला, तोही बसला. सगळी मांडणी मोडली, दुसऱ्या दिवशी नव्याने उभी केली, नव्याने कॅलिब्रेशन, नवा नकाशा, आणि दोन्ही वजा केले. शिळा एका दिवसात झिजत नाही, तेव्हा शून्य यायला हवं. फरकाची वर्गमध्यमूळ सरासरी ०.०६ मिमी. घरी जाताना हलकं वाटत होतं.

दि. १८ नोव्हेंबर

डेप्थ गेजने, म्हणजे टोक टेकवून खोली मोजायच्या साधनाने, तपासणी. टोकाला नायलॉन, आणि ४० बिंदूंहून जास्त जागी शिळेला टेकवायचं नाही असं ठरलेलं. बिंदू सहकाऱ्याने निवडले, मला नकाशा उघडू न देता.

३४ बिंदू ०.२५ मिमीच्या आत. सहा बाहेर, त्यातला एक ०.९ मिमीने. आणि सहाही बिंदू शिळेच्या एकाच जागेतले, मध्याजवळच्या ६ सेंमी × ४ सेंमीच्या पट्ट्यातले.

तो पट्टा हात लागून लागून गुळगुळीत झालेला आहे. पोत नाही, चकाकी आहे. तिथे ०.९ मिमीचा खळगा आहे आणि माझ्या नकाशाने त्यावर एक नितळ पूल बांधला. काठांवरच्या मापांवरून, दंड वाचवत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

सगळ्यांत बोचलं ते वजाबाकीचं शून्य. तो पूल दोन्ही दिवशी सारखाच बांधला गेला, कारण काठ तेच आणि नियम तेच. डावं-उजवं ताळाही त्याच कारणाने बसला. माझ्या दोन्ही तपासण्या 'पुन्हा तेच येतं का' एवढंच विचारत होत्या, आणि कल्पनेने भरलेली जागा पुन्हा पुन्हा तशीच भरते. हाच पट्टा सर्वांत जास्त झिजतो आहे. पुढची वजाबाकी इथे 'झीज नाही' असं सांगत राहिली असती, वर्षानुवर्षं, आणि नकाशा इतका भरलेला दिसतो की कुणी शंका घेतली नसती.

दि. १९ नोव्हेंबर

सहकाऱ्याशी बोलले. नकाशात भोकं राहतील असं सांगितलं.

"पण आता तर भरलाय ना?"

"भरलाय, पण तिथे मोजलेलं नाही. शेजारचं पाहून लिहिलंय."

त्याने गेजच्या आकड्यांचा कागद मागितला, सहा ओळी पाहिल्या आणि विचारलं, "मग मोजता येईल असं करता येईल का?" योग्य प्रश्न तोच होता. मी भोकं लपवायच्या मागे लागले होते, त्याने ती कमी करायला सांगितली.

दि. २५ नोव्हेंबर

दगडाला पोत नसेल तर उजेडाने द्यायचा. प्रोजेक्टरने यादृच्छिक ठिपके शिळेवर टाकले. प्रोजेक्टर जमिनीवर पक्का, कॅमेरा एकटा सरकतो. सावलीचा धडा इथे कामी आला, ठिपके कॅमेऱ्याबरोबर सरकले असते तर त्याहून वाईट झालं असतं. ठिपक्यांचा आकार फोटोत ४ ते ५ पिक्सेल येईल असा ठेवला. फार बारीक ठिपके धूसर होतात, फार मोठे झाले की खिडकीत कडाच कमी येतात.

चकाकी तरीही होती. चकाकीचा डाग पृष्ठभागावर नसतो, तो दिव्याचं प्रतिबिंब असतो, आणि कॅमेरा हलला की तोही दुसरीकडे जातो. प्रोजेक्टरपुढे ध्रुवक (पोलरायझर) फिल्म लावली आणि भिंगावरचा ध्रुवक तिच्याशी आडवा फिरवला. थेट परावर्तित उजेड अडतो, दगडात शिरून विखुरलेला येतो. उजेड फारच कमी झाला, उघडझाप दोन सेकंदांवर न्यावी लागली. रूळ डळमळत नाही, तेव्हा चालेल.

एका खिडकीचा आलेख उघडून पाहिला. पट्ट्याच्या मध्यावर एकच स्वच्छ शिखर, बाजूला दुसरं काही नाही. मोजणारी यंत्रं करणाऱ्यांना असाच आनंद होत असेल. गिल्बर्ट हॉब्रो यांनी १९५०च्या दशकात दोन फोटोंवरून प्रकाशाचे ठिपके फिरवून विजेच्या मंडलांनी हीच जुळणी घडवली होती, संगणकाविना.

दि. २८ नोव्हेंबर

नियम ठरवले. सेमी-ग्लोबल फक्त सुरुवातीचा अंदाज देईल, शेवटचा आकडा न्यूनतम वर्ग जुळणीचाच. ती फेऱ्यांत स्थिरावली नाही, किंवा अनिश्चितता ०.२ पिक्सेलवर गेली, किंवा १५० आणि २४० या दोन बेसची खोली ०.२५ मिमीपेक्षा जास्त वेगळी आली, तर बिंदू रिकामा. भरायचं नाही. मर्यादा थोड्या कडक आहेत, काही चांगले बिंदूही जातील. जाऊ देत.

दि. ३ डिसेंबर

सगळी मोजणी नव्याने. चार फेऱ्या: ठिपक्यांसह आणि ठिपक्यांविना, दोन्ही दिशांनी. ४० पैकी ३७ बिंदूंवर नकाशात आकडा आहे. त्यांची गेजशी फरकाची वर्गमध्यमूळ सरासरी ०.०९ मिमी, सर्वांत मोठा फरक ०.२२. खडबडीत दगडावर गेजचं टोकही ०.०५ मिमीने इकडेतिकडे बसतं, तेव्हा यातला काही वाटा गेजचा. मधल्या खळग्यात नकाशा सांगतो ०.८७, गेज ०.९१.

उरलेले तीन बिंदू रिकामे. एक खोल खाचेच्या भिंतीत, जी दुसऱ्या फोटोत दिसतच नाही. दोन एका पांढऱ्या शिरेवर. तिथे दगड किंचित पारदर्शक आहे, टाकलेला ठिपका आत शिरून पसरतो आणि माप पृष्ठभागाच्या खाली जातं. त्या शिरेवर प्रोग्रामने बहुतेक ठिकाणी काही लिहिलं नाही. काही ठिकाणी लिहिलं होतं, ते मी हाताने काढलं आणि कुठे काढलं त्याची वेगळी फाइल ठेवली.

रिकामा भाग एकूण १.८ टक्के.

दि. ५ डिसेंबर

नकाशा सुपूर्द केला, तीन थरांत: खोली, प्रत्येक बिंदूची अनिश्चितता, आणि रिकाम्या जागा. रिकाम्या जागा करड्या केल्या नाहीत, कारण करडा रंग खोलीसारखा वाचला जाऊ शकतो. तिरप्या रेघा मारल्या. बेस, दिव्यांच्या जागा, प्रोजेक्टरचं अंतर, ध्रुवकाची दिशा, कॅलिब्रेशनचे फोटो, हे सगळं सोबत दिलं. पुढची मोजणी मी करेन की दुसरं कुणी, माहीत नाही.

सहकाऱ्याने छापील प्रत टेबलावर पसरली आणि बराच वेळ रेघांच्या जागा बोटाने शिळेवर शोधत राहिला. मग पेन्सिल घेऊन पांढऱ्या शिरेच्या शेजारी लिहिलं, 'येथे मोजलेले नाही', आणि खाली तारीख घातली.

शिरेसाठी वेगळी सोय पाहायची आहे. निळ्या उजेडात तो आत कमी शिरतो का, हे सोमवारी बघते.